प्रेसमधल्या ताईंना, आमच्या गेमर कॅटबद्दल

ताई, नमस्कार.

नाव लिहू नको म्हणालात म्हणून नुसतं ताई. व्हॉट्सॲपवर थँक्यू टाकलं की तुमच्याकडून एक अंगठा येतो आणि विषय संपतो, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय. ज्यांनी आमचा पत्त्यांचा कॅट घेतला आणि "भारी झालाय रे" म्हणाले त्यांनाही कळू दे की त्यातलं भारी नक्की कोणाचं आहे. चित्रं आमची. बाकी बरंचसं नारायण पेठेतल्या एका ऑफसेट प्रेसच्या पोटमाळ्यावर बसून प्लेट जायच्या आधी फाईली तपासणाऱ्या तुमचं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आम्ही काही गेमवेड्या मित्रांनी पत्त्यांचा एक कॅट काढलाय. नेहमीचेच ५२ आणि दोन जोकर, पण बदाम म्हणजे पिक्सेलवालं लाईफ, चौकट म्हणजे लुटीतला हिरा, इस्पिक तलवार आणि किलवर पोशनची, म्हणजे जादूच्या औषधाची, बाटली. राजा फायनल बॉस (सगळ्यात शेवटी भिडणारा मोठा शत्रू), राणी हीलर (जखमी साथीदारांना बरं करणारी), गुलाम म्हणजे तो गेममधला दुकानदार जो कितीही वेळा भेटला तरी तेच एक वाक्य बोलतो. एक जोकर 'लॅग' (गेम अडखळतो ना, तो), दुसरा 'आई जेवायला बोलावतेय' (लोकांना हाच जास्त आवडलाय, अर्थातच). शिवाय प्रत्येक पत्त्यावर कडेला बारीक फासा छापलाय, म्हणजे बोर्ड गेमचा फासा सोफ्याखाली गेला तर पत्ता ओढायचा. ५४ ला ६ ने पूर्ण भाग जातो त्यामुळे प्रत्येक आकडा नऊ वेळा येतो, आणि एक्का ते दश्शी असे ४० पत्ते वेगळे काढले तर वीस बाजूंचा फासा पण होतो, प्रत्येक आकडा दोनदा. हे गणित मात्र आमचं आहे, त्याचा माज राहू द्या आम्हाला.

आधीच्या एका प्रेसने आमची फाईल उघडूनही न बघता कोटेशन दिलं होतं. तुम्ही फाईल उघडलीत, प्रिंटरवर साध्या कागदावर काढलीत, कात्रीने कापलीत, तेरा पत्ते माझ्या हातात दिलेत आणि म्हणालात धरा, पंखा करा, आता सांगा हातात काय काय आहे. काहीच सांगता येईना! कारण आम्ही चित्रं मधोमध मोठी केली होती आणि कोपऱ्यातला आकडा शोभेला ठेवला होता, आणि पंखा केला की दिसते ती फक्त डावीकडची बोटभर पट्टी. एक्क्याला '१' लिहिलं होतं, तो पिक्सेल फॉन्टात ९ सारखाच दिसायचा, म्हणून 'ए' केला. राजाला 'रा' आणि राणीलाही 'रा', ही तर गंमतच होती. पण ताई, यात आपण एकटे नाही बरं का, इंग्रजी पत्त्यांत पण किंगला K आणि गुलामाला (तेव्हा त्याला नेव्ह म्हणायचे) Kn असं होतं, कोपऱ्यात अक्षरं छापायला लागल्यावर लोकांचा फार घोळ व्हायला लागला आणि मग गुलामाचा जॅक झाला. आपण तुमच्या म्हणण्याप्रमाणे बॉसचा 'बॉ' आणि हीलरचा 'ही' केला, आता कोणी विचारतही नाही.

बॅकवरून मात्र आपलं वाजलं. आम्हाला पाठ काळीकुट्ट हवी होती, डार्क मोड. तुमचं म्हणणं, काळी कड पिसून पिसून पांढरी पडते आणि ज्या पत्त्याची कड आधी उडते तो पत्ता चार डावांत सगळ्यांना पाठ होतो. बरं मग पांढरी बॉर्डर ठेवू, तर म्हणालात कटिंगला अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे होणारच आणि बॉर्डर असली की तेवढंच नजरेत भरतं. मग कडेपर्यंत एकसारखी नक्षी, तर त्यालाही नाही, कापणी सरकली की एका कडेची नक्षी दुसरीपेक्षा वेगळी दिसते आणि पत्ता ओळखता येतो! तेव्हा मला वाटलं ताई उगाच ताणतायत. घरी जाऊन वाचलं तर फिल आयव्ही नावाच्या मोठ्या पोकर खेळाडूने २०१२ साली लंडनच्या क्रॉकफर्ड्स कसिनोत याचाच फायदा उठवला होता, पत्त्याच्या पाठीवरची नक्षी एका लांब कडेला किंचित वेगळी कापली गेली होती, ते हेरून त्याने आणि त्याच्या जोडीदारणीने जवळपास ७७ लाख पौंड जिंकले, कसिनोने पैसे अडवले, प्रकरण ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि २०१७ मध्ये तिथेही तो हरला. म्हणजे तुम्ही पोटमाळ्यावर बसून जे सांगत होतात त्यावर तिकडे कोर्टात वर्षानुवर्षं भांडण चाललं होतं. शेवटी जांभळट करड्या पिक्सेलचा कचरा, जुन्या टीव्हीवरच्या मुंग्यांसारखा, कडेपर्यंत पसरवला, उलटा धरला तरी तसाच दिसेल असा. कापणी सरकली तरी कळत नाही, कड उडाली तरी कळत नाही.

आणि शीट. एका शीटवर ब्लीड (कापणीसाठी कडेबाहेर ठेवलेली जादा छपाई) धरून आपले २८ पत्ते बसतात, म्हणजे दोन फॉर्म (एकदम छापायच्या शीटची मांडणी), एकूण ५६ जागा आणि पत्ते ५४. उरलेल्या दोन जागा कोऱ्या जाणार हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. तुम्ही म्हणालात फुकटचा कागद आहे, काहीतरी टाका. एकावर फाशाचा तक्ता आला आणि दुसऱ्यावर नियम. पण खरा मुद्दा दोन फॉर्मचा होता: एका फॉर्मची पाठ आज छापली आणि दुसऱ्याची उद्या, तर शाईची शेड जराशी बदलते आणि अर्धा कॅट पाठीवरून ओळखता येतो. म्हणून पाठीची प्लेट एकच ठेवून दोन्ही फॉर्मचे कागद एकामागून एक, मशीन न थांबवता काढायला लावलेत. मशीनवाले दादा चिडले होते ते मी पाहिलंय. तुम्ही खाली उतरून उभ्याच राहिलात त्यांच्या शेजारी.

कागदाचं थोडक्यात सांगतो. ३०० जीएसएमचा साधा आर्टकार्ड घेऊन मोबाईलचा टॉर्च मागून मारला की आमचा बॉस आरपार दिसत होता, म्हणून ब्लॅक कोअरवाला, दोन थरांमध्ये काळा थर असलेला. मॅट लॅमिनेशन नको (पत्रिकेला ठीक आहे म्हणालात), त्याऐवजी ॲक्वा कोटिंग (पाण्यातलं वॉर्निश) आणि वर बारीक लिनन टेक्स्चर (कापडासारखी खरखर), म्हणजे पत्त्यांमध्ये हवा राहते आणि पिसताना चिकटत नाहीत. निऑन हिरवा चार रंगांत येतच नाही, त्याला पाचवी प्लेट लागते, तो फक्त खोक्यावर ठेवला. खर्च वाचला आणि खोकं दुकानात लांबून दिसतं.

साइजवर तुम्ही अजून नाराज आहात ते माहीत आहे. तुम्हाला ५७ मिलिमीटरचा ब्रिज साइज हवा होता, मेंढीकोटला तेरा पत्ते एका हातात मावतात म्हणून. बरोबर आहे, पण गेमर लोकं पत्त्यांना प्लास्टिकचे स्लीव्ह घालतात, आणि ते ६३ बाय ८८ च्या पत्त्याला सहज मिळतात. इथे आम्ही ऐकलं नाही आणि अजूनही मला वाटतं आमचंच बरोबर होतं.

एक गोष्ट राहिली. तुम्ही विचारलं होतं, कॉम्प्युटरवर खेळणाऱ्यांचा पत्त्यांशी संबंध काय? मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं की व्हिडिओ गेमवाली निन्टेन्डो कंपनी १८८९ साली जपानच्या क्योटोत सुरू झाली तीच मुळात हानाफुदाचे, म्हणजे फुलांच्या चित्रांचे जपानी, पत्ते बनवायला. तुम्ही "अस्सं" म्हणालात आणि मग आपलं माहेर काढलंत. सावंतवाडीची गंजिफा, गोल पत्ते, दशावताराचे दहा रंग, प्रत्येकात बारा म्हणजे १२० पत्ते, पाच रंगांत आकड्यांमध्ये दश्शी वरचढ आणि एक्का तळाला, उरलेल्या पाचांत बरोब्बर उलटं, आणि दिवसा खेळ असेल तर ज्याच्याकडे रामाचा राजा तो सुरुवात करणार, रात्री असेल तर कृष्णाचा. आमचे तीन गेमर तोंड उघडं ठेवून ऐकत होते, कारण आम्ही ज्याला डे-नाईट सायकल (दिवस-रात्रीप्रमाणे खेळ बदलणं) म्हणून गेमचं मोठं फीचर समजतो ते तुमच्याकडे राजवाड्यात आधीपासून चालू होतं! नियमाच्या पत्त्यावर शेवटची ओळ त्यातूनच आली: दिवे लागल्यानंतर डाव मांडला तर दुर्री एक्क्याला मारते. ही ओळ कोणाची म्हणून लोक विचारतात. तुमची.

तुमचे पाच कॅट खाली काउंटरवर ठेवलेत, पैसे द्यायचे नाहीत, दिलेत तर परत पाठवीन. दुसऱ्या छपाईची फाईल पुढच्या महिन्यात आणतो. त्यात ब्रिज साइजचं काही काढू नका.