दोन बेआत्रिस

संपादक महोदय, नमस्कार.

स्पेनची राणी इसाबेला म्हटलं की आपल्याकडे कोलंबस आणि १४९२ एवढंच आठवतं, तिच्या दरबारातल्या बायकांबद्दल कोणी लिहीतच नाही. बेआत्रिस गालिंदोचं लॅटिन इतकं पक्कं की खुद्द राणी मोठेपणी तिच्याकडे शिकली, माद्रिदमधला ला लातिना भाग आजही तिच्याच टोपणनावाने ओळखतात. दुसरी बेआत्रिस, बोबादिया, राणीची लहानपणापासूनची मैत्रीण, १४८७ मध्ये मालागा शहराच्या वेढ्यात मारेकरी तिलाच राणी समजून अंगावर धावला, थोडक्यात वाचली बाई! याच राणीने ज्यूंना देशाबाहेर काढलं हेही छापाच, पण रविवारच्या पुरवणीत या दोघींना अर्धं पान तरी द्या की.

– एक नेहमीचा वाचक, सातारा