जकातीबरोबर मालाची मोजणीपण गेली

मा. संपादक, स.न.

पुण्यात पूल, मेट्रो काहीही करायचं म्हटलं की आधी माणसं मोजतात, घरोघरी जाऊन विचारतात कामाला कुठे जाता, कशाने जाता. बरोबरच आहे. पण त्याच घरात तांदळाचं पोतं, सिलेंडर, फ्रीज कशातून येतो हे कोण विचारतंय? माझा स्वतःचा छोटा हत्ती टेम्पो आहे, वाघोलीच्या गोडाऊनमधून पेठांत माल टाकतो, म्हणून लिहितोय.

मागे नगर रोडला एका सर्व्हेवाल्या पोराने गाडी थांबवून विचारलं कुठून कुठे, मी म्हटलं वाघोली ते रविवार पेठ, झालं, एक टिक. आता त्या दिवशी गाडीत 19 दुकानांचा माल होता, म्हणजे 19 दा थांबायचं, धड जागा मिळाली दोन-तीन ठिकाणी, बाकी सगळीकडे डबल पार्किंग, मागून हॉर्न नि शिव्या, आणि हमाल पोतं पाठीवर घेऊन रिक्षांच्या मधून वाट काढतोय. रस्ता तुंबतो तो या थांबण्यानं, आणि कागदावर काय तर एक ट्रिप!

गंमत म्हणजे थोडाफार हिशोब आधी शहराकडे होता. जकात म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरचा कर, तिच्या नाक्यावर बिल दाखवल्याशिवाय गाडी आत यायची नाही, काय माल, किती, कोणाचा, सगळं लिहिलं जायचं. 1 एप्रिल 2013 पासून पुण्यात जकातीच्या जागी एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, 2017 ला जीएसटी. नाक्यावरची रांग आणि चिरीमिरी परत नको बाबा, पण ती नोंद गेली ती गेलीच. ई-वे बिल (माल नेताना ऑनलाइन काढायचा परवाना) आहे म्हणाल तर राज्यातल्या राज्यात एक लाखाच्या आतल्या मालाला ते लागत नाही, माझ्या 19 बिलांतलं एकही लाखाच्या जवळपास जात नाही.

त्यात जीएसटीनंतर कंपन्यांनी जागोजागची छोटी गोडाऊनं बंद करून शहराबाहेर मोठी केली (भिवंडी बघा), मग आत येणाऱ्या छोट्या गाड्या वाढणारच. आराखडे करणारे दरवर्षी ट्रक अमुक टक्के वाढतील असं धरून चालले तर त्यांना हे कसं कळणार? दुकानदाराला विचारा ना, दिवसाला किती गाड्या येतात, किती वाजता, खाली व्हायला किती वेळ लागतो. मग नो एंट्रीची वेळ ठरवा, माल उतरवायच्या जागा आखा.

मोजायला कोणी पाठवणार असाल तर बसवा माझ्या गाडीत, सकाळी सातला निघतो.

– एक टेम्पोवाला, वाघोली