नसबंदी झाली, पण जांच कोण करणार?

मा. संपादक, सप्रेम नमस्कार,

दरवर्षी २१ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर पुरुष नसबंदी पखवाडा असतो, इंदूरातही बॅनर लागतात, किती ऑपरेशन झाली त्याच्या बातम्या येतात, पण त्यातले किती जण तीन महिन्यांनी वीर्य तपासून गेले ते कुठेच छापून येत नाही. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये बरीच वर्षं काढली म्हणून विचारतोय. पेशंट सरळ म्हणतात, 'अरे भिया, काम तो हो गया, अब कायकी जांच!'

काम तिथे होत नाही हो. शुक्राणू वाहून नेणारी नळी बांधली तरी तिच्या पुढच्या भागात आधीचे शुक्राणू शिल्लक असतात, ते संपायला वेळ लागतो, तोवर दिवस राहू शकतात. म्हणून तीन महिने कंडोम किंवा बायकोच्या गोळ्या चालूच ठेवायच्या, मग सॅम्पल द्यायचं, आणि त्यात शुक्राणू निल आले की सरकारी सर्टिफिकेट मिळतं. थोडे दिसले तर डॉक्टर परत तपासायला लावतात, म्हणजे ऑपरेशन फेल गेलंच असं नाही. निल आल्यावर नळी आपोआप पुन्हा जुळणं साधारण दोन हजारांत एखाद्याचं होतं.

आता ही जांच न करता दिवस गेले तर घरात पहिला संशय कोणावर? बायकोवर. डॉक्टरला शिव्या नंतर, आधी तिच्या माहेरापर्यंत सगळं काढतात. आणि इतकं सगळं एका छोट्या डबीच्या सॅम्पलने टळलं असतं!

लाज वाटते हे कबूल, आणि चूक लॅबवाल्यांचीही आहेच, काउंटरवर दहा जणांसमोर मोठ्याने विचारतात 'किसका सीमेन है', वेगळी खोली नाही, असला तर कडी नसलेला बाथरूम. माणूस कसा येईल परत? घरून आणलं तरी चालतं, फक्त सगळं सॅम्पल हवं, अर्धं सांडलेलं नको, साध्या कंडोममध्ये आणू नये आणि शक्यतो तासाभरात पोचवावं.

'कमजोरी येते' हा तर आमच्याकडचा आवडता प्रश्न. हार्मोन रक्तातून जातात, त्या नळीतून नाही, त्यामुळे ताकद, इच्छा सगळं तसंच राहतं. एनएफएचएस-५ या सरकारी कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे (२०१९-२१) देशात बायकांची नसबंदी जवळपास ३८ टक्के, पुरुषांची ०.३. जे थोडे पुढे येतात त्यांना ऑपरेशनच्या दिवशीच जांचची तारीख चिठ्ठीवर लिहून द्या, आणि आशाताईंकडून एक फोन जाऊ द्या, एवढंच आरोग्य विभागाला सांगणं आहे.

– एक वाचक, रामबाग, इंदूर