रुग्णालयातील आध्यात्मिक आधारालाही प्रशिक्षण हवे

संपादक महोदय,

अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर रात्र काढणाऱ्या नातेवाइकांशी ‘देवावर भरवसा ठेवा’ यापलीकडे काय बोलावे, हे शिकवता येते असे आपल्याकडे सहसा कोणी मानत नाही. अमेरिकेत मात्र, स्वतः तीव्र मानसिक आजारातून गेलेले धर्मोपदेशक अँटन बॉयसन यांनी १९२५ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील वूस्टरच्या मनोरुग्णालयात धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना रुग्णांच्या सहवासात शिकवण्यास प्रारंभ केला आणि रुग्णालयात आध्यात्मिक आधार देणाऱ्या ‘चॅप्लिन’च्या प्रशिक्षणाची आजची पद्धत त्यातूनच घडत गेली. तिच्या एका सत्राला किमान ४०० तास लागतात. रुग्णाशी झालेले संभाषण विद्यार्थ्याने आठवून शब्दशः, मधल्या शांततेसकट लिहून काढायचे आणि मार्गदर्शक व सहाध्यायी यांच्यापुढे वाचायचे. मग रुग्णाने मृत्यूचा विषय काढताच आपण घाईघाईने हवापाण्याकडे का वळलो, याचे उत्तर द्यावे लागते. (प्रवचन देण्यापेक्षा हे नक्कीच अवघड!) धर्मप्रसार वर्ज्य असतो, रुग्ण कोणत्याही धर्माचा असो वा नास्तिक, बोलायचे ते त्याच्या कलानेच.

भारतात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात असे प्रशिक्षण दिले जाते. महाराष्ट्रातील मोठ्या रुग्णालयांत हा भार बहुधा वैद्यकीय समाजसेवकांवर पडतो आणि त्यांचा दिवस शासकीय योजनांची कागदपत्रे व निधीची जुळवाजुळव यांतच सरतो. निदान कर्करोग व उपशामक उपचार विभागांत तरी यासाठी स्वतंत्र, प्रशिक्षित व पगारी पद निर्माण करावे. केवळ हौशी स्वयंसेवकांवर हे काम सोपवू नये.

— एक वाचक, पुणे