पिठाचा एक गोळा समोर ठेवणाऱ्या ताईंचे आभार

आजींनी आंघोळ, जेवण, बोलणं सगळंच टाकलं होतं. वयामुळे विसरतात, असं घरच्यांनी गृहीत धरलं. त्यामागचं नैराश्य घरी येऊन आरोग्यसेवा देणाऱ्या तुमच्या चमूने ओळखलं. १२ आठवडे, दर आठवड्याला एक भेट. ‘आंघोळ करा’ या एका सांगण्याचे तुम्ही चार तुकडे केले: टॉवेल, पाणी, साबण, कपडे. एका वेळी एकच सांगायचं, मग थांबायचं. घाई केली की सगळं बिनसतं. फिरायला सकाळीच न्यायचं, कारण संध्याकाळी त्यांचा गोंधळ वाढतो.

आणि त्या नर्सताई! आजी पोळ्या छान लाटायच्या हे कळल्यावर त्यांनी पोळपाटावर कणकेचा एकच गोळा ठेवला आणि अर्धा तास नुसत्या शेजारी बसल्या. पोळी वाकडी झाली, पण आजींनी स्वतःहून तूप मागितलं. मनापासून आभार.