कॅमेरा केव्हाच होता, अडलं होतं तारेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला व्हिडिओ कॉलवरचा लेख वाचला. छान आहे, पण एकंदर सूर असा की व्हिडिओ कॉल ही लॉकडाऊनची देणगी, फार तर त्याआधी स्काइप, आणि त्याच्या मागे काही नाहीच. मी टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं काढली, त्यातली निम्मी तर खड्ड्यात बसून केबल जॉइंट करण्यात गेली, त्यामुळे राहवलं नाही म्हणून लिहितोय.

७ एप्रिल १९२७ ला वॉशिंग्टनमध्ये बसलेले हर्बर्ट हूवर न्यूयॉर्कमधल्या लोकांना बोलताना दिसले होते, तेही तारेवरून, तीनशेहून जास्त किलोमीटरवर. तेव्हा ते व्यापारमंत्री होते, राष्ट्राध्यक्ष नंतर झाले. बेल लॅबमधल्या, म्हणजे एटी अँड टी या अमेरिकन टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या, हर्बर्ट आइव्हज यांच्या टीमचं हे काम. चित्र म्हणाल तर ५० रेघांचं (रेघा जितक्या जास्त तितकं चित्र स्पष्ट), आणि दिसणं एकतर्फी, म्हणजे न्यूयॉर्कवाले त्यांना बघतायत आणि त्यांना मात्र नुसता आवाज. १९३० ला दोन्ही बाजूंनी दिसायची सोय झाली, ७२ रेघा, पण न्यूयॉर्कातल्या न्यूयॉर्कातच, कंपनीच्या दोन इमारतींमध्ये.

जर्मनांनी तर १ मार्च १९३६ ला बर्लिन ते लाइपझिग लोकांसाठी सर्व्हिसच सुरू केली, पोस्टाची. दोघांनी वेळ ठरवून आपापल्या शहरातल्या पोस्टाच्या बूथमध्ये जाऊन बसायचं, तीन मिनिटांना साडेतीन मार्क. आपल्याकडे ट्रंक कॉल बुक करून पोस्टात ताटकळत बसायचे ना, तसंच की, फक्त समोर माणूस दिसायचा. त्यासाठी वेगळी कोॲक्सियल केबल, म्हणजे टीव्हीच्या केबलसारखी जाड तार, टाकावी लागली होती हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. १९४० ला युद्धात ते बंद पडलं.

मग त्याच एटी अँड टीचा पिक्चरफोन, म्हणजे बोलणाऱ्याचं चित्र दाखवणारा फोन. २४ जून १९६४ ला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या पत्नी लेडी बर्ड यांनी वॉशिंग्टनहून पहिला कॉल केला, बूथ न्यूयॉर्क, वॉशिंग्टन आणि शिकागो अशा तीन शहरांत. तीन मिनिटांना १६ ते २७ डॉलर. तेव्हा डॉलर पावणेपाच रुपयांच्या आसपास होता, म्हणजे कमीत कमी ७५ रुपये झाले की, नुसतं "कसा आहेस, बरा आहेस ना" म्हणायला! कोण जाणार? १९७० ला पिट्सबर्गमध्ये हेच मशीन ऑफिसांत बसवलं, सुरुवातीला ८ कंपन्यांत मिळून ३८ सेट, महिन्याचं भाडं १६० डॉलर आणि त्यात फक्त अर्धा तास फुकट, त्याच्या वर मिनिटाला पाव डॉलर. काही वर्षांत तेही गुंडाळलं.

आता सगळीकडे असं लिहितात की लोकांना फोनवर आपलं तोंड दाखवायचं नव्हतं म्हणून पिक्चरफोन पडला. थोडं खरं आहे. माझी आई ८८ वर्षांची, नातीचा व्हिडिओ कॉल यायच्या आधी केस विंचरून पदर सारखा करून बसते आणि मग फोन असा धरते की पोरीला फक्त कपाळ आणि वरचा पंखा दिसतो. पण म्हणून ती कॉल घ्यायची राहते का? अजिबात नाही. खरी गोम तारेत होती, जर्मनांना वेगळी केबल टाकावी लागली ती उगाच नाही. साध्या फोनला एक पेअर, म्हणजे तारांची एक जोडी, पुरते, पिक्चरफोनला तीन लागायच्या, एक आवाजाला, एक चित्र जायला, एक यायला. आणि आवाज मावतो चार किलोहर्ट्झच्या आत, चित्राला हवा एक मेगाहर्ट्झ, म्हणजे हजार किलोहर्ट्झ, म्हणजे एका फोटोवाल्या कॉलच्या जागेत अडीचशे साधे कॉल गेले असते. आमच्याकडे पावसाळ्यात एका पेअरमधून धड आवाज जायचा नाही, डीपी, म्हणजे खांबावरची तारा जोडायची पेटी, उघडली की आत पाणी आणि पाली. त्यामुळे तीन पेअरचा हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मी हसलोच होतो. आणि समोरच्याकडे सेट नसेल तर तुम्ही घेऊन करणार काय, तुम्हाला बघणार कोण?

ही गाठ सोडवणाऱ्यांत मोठं नाव आपल्या बंगळुरूच्या माणसाचं आहे आणि तुमच्या लेखात ते नाहीच, म्हणून जास्त लागलं. नासिर अहमद. अमेरिकेत कॅन्ससला प्राध्यापक होते. चित्राचे छोटे छोटे चौकोन करायचे आणि प्रत्येक चौकोनातला प्रत्येक ठिपका पाठवण्याऐवजी उजेड कसा हळूहळू बदलतो तेवढं मोजक्या आकड्यांत सांगायचं, डोळ्याला कळणारही नाही असे बारीक आकडे टाकून द्यायचे, अशी त्यांची युक्ती, नाव डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म. १९७२ ला त्यांनी नॅशनल सायन्स फाउंडेशन या संशोधनाला पैसे देणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेकडे यासाठी पैसे मागितले तर नकार आला, कल्पना फारच सोपी वाटली म्हणे. तरी काम केलं आणि १९७४ ला टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्याबरोबर पेपर छापला. १९८८ चं एच.२६१ हे व्हिडिओ कॉलचं स्टँडर्ड याच्यावरच उभं आहे, आणि सेकंदाला ६४ किलोबिट माहिती नेणाऱ्या एक किंवा जास्त लाइनींवर चित्र न्यायचं हाच त्याचा उद्देश होता. १९९२ ला साध्या टेलिफोन लाइनवर चालणारा रंगीत व्हिडिओफोन बाजारात आला तो अशाच दाबून बसवलेल्या चित्राच्या जोरावर, दीड हजार डॉलरचा आणि अडखळणारा, तोही चालला नाही ती गोष्ट वेगळी. त्याच वर्षी कॉर्नेल विद्यापीठात सीयू-सीमी नावाचा प्रोग्रॅम निघाला, इंटरनेटवरून कॉम्प्युटरवर एकमेकांना बघायचा. स्काइपला अजून अकरा वर्षं होती.

तेव्हा पुढे कधी या विषयावर काही छापाल तर दोन ओळी जास्त घ्या पण नासिर अहमद यांचं नाव तेवढं टाका, जमल्यास फोटोसकट.

आपला,
एक निवृत्त टेलिफोनवाला, सातारा