पेशंटशेजारच्या खुर्चीतल्या माणसाचे काय?

महोदय,

ज्येष्ठांच्या प्रतिकारशक्तीवरचा आपल्या आरोग्य पुरवणीतील लेख वाचला. गुळवेल, आवळा, हळदीचे दूध, सकाळचे कोवळे ऊन, सारे आले. ताणाची बोळवण मात्र ‘मन प्रसन्न ठेवावे’ एवढ्यावर केली आहे. घरात स्मृतिभ्रंश झालेला नवरा किंवा बायको असेल, तर सत्तरीतल्या जोडीदाराने मन प्रसन्न ठेवायचे कसे?

नेमका अशाच माणसांचा अभ्यास अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठात जॅनिस किकोल्ट-ग्लेझर आणि त्यांचे पती, विषाणूशास्त्रज्ञ रोनाल्ड ग्लेझर यांनी अनेक वर्षे केला. १९९५ च्या अभ्यासात त्यांनी अशा आप्ताची सेवा करणाऱ्या स्त्रियांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची जखम केली (स्वखुशीने तयार झालेल्या त्या बायकांचे कौतुकच). त्याच वयाच्या इतर स्त्रियांपेक्षा ती भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. अभ्यास लहान, दोन्ही गट मिळून २६ जणी. पण पुढच्याच वर्षी फ्लूच्या लसीबाबतही तसेच दिसले: जोडीदाराची शुश्रूषा करणाऱ्यांत अँटिबॉडी कमी तयार झाल्या. २००३ मध्ये त्यांनी सहा वर्षांच्या पाहणीचे निष्कर्ष मांडले. इंटरल्यूकिन-६ हे दाहाशी निगडित द्रव्य वयानुसार वाढतेच. सेवा करणाऱ्यांत ते सरासरी चौपट वेगाने वाढत होते. जोडीदार जाऊन काही वर्षे झालेल्यांतही हा वेग उतरला नव्हता.

उतारवयात थायमस ग्रंथी आक्रसलेली असते, त्यामुळे रोगजंतूंशी लढणाऱ्या नव्या टी-पेशी कमी बनतात. त्यात प्रतिकारशक्ती दाबणारे ताणाचे संप्रेरक, कॉर्टिसॉल. तरुण शरीर जे निभावून नेते, ते म्हाताऱ्याला जड जाते.

यावरून लस निरुपयोगी असा अर्थ कोणी काढू नये. उलट अशांनी ती चुकवू नये.

आपल्याकडे आजोबांना ओपीडीत घेऊन जाणाऱ्या आजींचे बीपी कोणी बघत नाही. त्यांच्या नावाचा केसपेपरच नसतो. दोघांची तपासणी एकाच फेरीत करायला फारसा खर्च येणार नाही. ज्येष्ठ नागरिक संघांनीही व्याख्यानमालेतले एखादे पुष्प कमी करून आठवड्यातल्या दोन दुपारी अशा घरी बसायला माणूस द्यावा. आणि आपण पुढच्या पुरवणीत काढ्याच्या कृतीऐवजी जिल्ह्यातील दिवसभराच्या देखभाल केंद्रांचे पत्ते, वेळा आणि दर छापावेत, ही विनंती.

— एक वाचक, सांगली